चलान माझ्या नावावर, घाई कोणाची?

हे संपादकीय लिहिणारा माणूस दिवसा भिवंडीच्या एका गोदामात डिस्पॅचचे काम बघतो, हे नव्या वाचकांना माहीत नसेल. राहतो वाशिंदला. कसारा लोकल भिवंडीला जात नाही, गाडी बदलत बसण्यात वेळ जातो, म्हणून रोजचा प्रवास मोटारसायकलवर, मुंबई–नाशिक महामार्गाने.

मागच्या महिन्यात दुपारी ट्रक भरून घेत असताना मोबाइलवर मेसेज आला. गाडीचा नंबर, तारीख, सकाळी ८.१२ ची वेळ, वेगमर्यादेचे उल्लंघन, दंड १,००० रुपये. पहिला विचार आला तो फसवणुकीचा. आमच्या मोहल्ल्यातल्या दोघांना व्हॉट्सअॅपवर असेच ‘आरटीओ चलान’ आले होते. सोबत एपीके फाइल होती, ती उघडली आणि एकाच्या खात्यातले पैसे गेले. खरे चलान तुम्हाला कुठलेही अॅप उतरवायला लावत नाही. म्हणून मेसेजमधल्या लिंकला हात न लावता राज्य वाहतूक पोलिसांचे ई-चलानचे संकेतस्थळ स्वतः उघडले. पत्त्याच्या शेवटी gov.in आहे ना, ते आधी पाहिले. गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले.

फोटो समोर आला. हिरवे जर्किन, पाठीवर डब्याची पिशवी. मीच होतो. वेग ताशी ९६, मर्यादा ८०.

त्या सकाळी काय झाले ते मला नीट आठवते. घरून निघायला दहा मिनिटे उशीर झाला होता. पुढे वडप्याला रुंदीकरणाच्या कामामुळे गाड्या तुंबणार हे ठाऊक होते. तिथे जाणारा वेळ आधीच भरून काढावा म्हणून वाशिंद सोडल्यावर मोकळ्या पट्ट्यात हात पिळला. या रस्त्यावरचे आपण सगळे हेच करतो. आता हिशेब करा. वीस किलोमीटर ताशी ८० ने गेलात तर पंधरा मिनिटे लागतात, १०० ने गेलात तर बारा. तीन मिनिटे वाचतात आणि ती वडप्याच्या रांगेत एका ट्रकमागे उभे राहून संपतात. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला बावीस मीटर पुढे जाते, १०० ला अठ्ठावीस. सर्व्हिस रोडवरून एखादी म्हैस किंवा शाळेचे पोर मध्ये आले, तर ब्रेकवर पाय जाण्याआधीच हे अंतर कापलेले असते.

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंमागे अतिवेग होता आणि बळींपैकी ६६.५ टक्के १८ ते ४५ वयाचे होते. हे मासिक वाचणारे बहुतेक जण याच वयाचे आहेत.

संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर ही गोष्ट सांगितली, तर एक दोस्त लगेच म्हणाला, “आपल्या लोकांना बरोबर पकडतात.” खोटे का बोलू, दुपारी क्षणभर माझ्याही मनात तेच आले होते. पण कॅमेऱ्याने वाचली ती नंबरप्लेट. माझे नाव त्यानंतर नोंदीतून निघाले. नाकाबंदीत लायसन्सवरचे नाव वाचल्यावर समोरच्याचा सूर बदलतो, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. मलाही आहे आणि त्यावर या पानांत लिहिलेले आहे. तीच तक्रार ताशी ९६ ला चिकटवली, तर उद्या खऱ्या प्रसंगी आपले कोण ऐकणार?

त्याच रात्री मी दंड भरला. विषय तिथेच संपला असता, पण मामूचा मुलगा घरी आला.

तो शहापूरहून भाजीची पिकअप चालवतो. शहापूर-मुरबाडकडची भेंडी, काकडी पहाटे कल्याणच्या मार्केटला पोचवायची. गाडी मालकाची. माझे चलान बघून तो हसला आणि स्वतःचा मोबाइल पुढे केला. तीन चलाने होती, तिन्ही वेगाची, दोन-दोन हजारांची.

“तू एवढा पळवतोस कशाला?” मी विचारले.

“भाईजान, माल भरून होतो चार वीसला. शेठ म्हणतो पाचला मार्केटात पाहिजे. उशीर झाला की भाव पडतो, मग मला बोलतो. आणि चलान आले की पगारातून कापतो.”

आम्ही कागद घेऊन बसलो. पडघ्यापासून कल्याणपर्यंत रस्ता अरुंद, साधारण पंधरा किलोमीटर. तिथे ताशी ४० धरला तर बावीस मिनिटे जातात. उरली अठरा मिनिटे, आणि शहापूर ते पडघा साधारण पंचवीस किलोमीटर. म्हणजे सरासरीच ८३ पडते. मालवाहू गाडीला चौपदरी महामार्गावर मर्यादा ८० ची, शेजारून जाणाऱ्या कारला १०० ची. कुठेही न थांबता, एकही सिग्नल न लागता गेला, तरी मर्यादा मोडल्याशिवाय त्याला पाचला पोचता येतच नाही.

मग मी कायदा काढून वाचला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. वेगाचा दंड याच कलमाखाली होतो. पहिल्याच पोटकलमात जो चालवतो त्याच्यासोबत, जो आपल्या हाताखालच्या माणसाला मर्यादेबाहेर चालवायला लावतो, त्याचाही उल्लेख आहे. चौथे पोटकलम तर मी दोनदा वाचले. त्याचा अर्थ असा: एखादा प्रवास ठरावीक वेळेत पुरा करा असा हुकूम कोणी दिला किंवा तसे वेळापत्रक काढले, आणि वेगमर्यादा मोडल्याशिवाय ती वेळ पाळणे शक्य नाही असे न्यायालयाचे मत झाले, तर तो हुकूम हाच हुकूम देणाऱ्याच्या गुन्ह्याचा प्रथमदर्शनी पुरावा ठरतो.

हे १९८८ पासून कायद्यात आहे. दहा मिनिटांत सामान पोचवणारी अॅप तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

अडचण अशी की कॅमेरा चाक पाहतो, पहाटे चारला आलेला फोन त्याला ऐकू येत नाही. चलान गाडीच्या मालकाच्या नावावर निघते आणि मालक ते ड्रायव्हरच्या पगारात ढकलतो. १ जुलै २०२५ पासून राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरोधात बंद पुकारला होता. त्यांच्या काही तक्रारी रास्त होत्या. पण तेव्हा मी वाचलेल्या बातम्यांत मालकांचा तोटा होता, पगारातून कापले गेलेले दोन हजार कुठे दिसले नाहीत.

म्हणून ड्रायव्हर असलेल्या, डिलिव्हरी करणाऱ्या वाचकांना एवढेच सांगतो की वेळेचे हुकूम तोंडी घेऊ नका. मेसेज करायला सांगा आणि जपून ठेवा. चलान आले तर फोटो उघडून बघा. नंबर तुमच्याच गाडीचा आहे का, वेगाचा आकडा आणि ठिकाण दिले आहे का? २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. त्यानुसार जिथे यंत्राने नजर ठेवली जाते तिथे ठळक फलक हवा, आणि यंत्राला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र हवे. चूक दिसली तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. न भरलेली चलाने लोकअदालतीतही जातात, तशी नोटीस मोबाइलवर येते. ती पुसून टाकू नका. मात्र फोटोत तुम्हीच असाल आणि आकडा बरोबर असेल, तर पैसे भरा. दोष शोधत बसण्यात अर्थ नाही.

इथपर्यंत लिहून मी लेख बंद करणार होतो. पण कलम वाचल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती, म्हणून गोदामाच्या ड्रायव्हरांना मीच पाठवलेले जुने मेसेज काढून बघितले. एका सकाळी ८.४० ला भिवंडीतून सुटणाऱ्या भरलेल्या ट्रकला मी लिहिले होते: “११ पर्यंत नाशिक पोच. कारणे नकोत.” वडप्याचे तुंबणे, कसाऱ्याचा घाट आणि गाडीत नऊ टन माल. खाली त्या ड्रायव्हरचा फक्त अंगठा होता. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे आहेत ते, मी त्यांना चाचा म्हणतो. असे मेसेज मोजायला लागलो आणि अकरावर थांबलो.

चाचांना विचारले की त्या दिवशी चलान आले होते का. ते म्हणाले, “दोन आले बेटा. भरले मी.”

गेल्या सोमवारी मी नाशिकच्या गाड्यांची वेळ एक वाजताची केली आणि तसे लेखी वर कळवले. वरून विचारणा आली आहे की हा बदल कोणाच्या परवानगीने केला. उत्तरात मी कलम १८३ चे पोटकलम चार जोडून पाठवले आहे. चाचांच्या दोन चलानांचे पैसे मी द्यायला गेलो, तर त्यांनी घेतले नाहीत. मामूच्या मुलाने शेठला आमचा तो हिशेबाचा कागद दाखवला आहे. शेठ म्हणाला, बघू.