शिवेचे साक्षीदार मोजणीदार कधी होणार ?

वऱ्हाडात शेताच्या धुऱ्यावरून किंवा दोन गावांच्या शिवेवरून तंटा उभा राहिला की पूर्वी कोणाची साक्ष काढीत असत ? गावच्या महाराची. शीव कोणत्या नाल्याने जाते, कोणत्या दगडापाशी वळते, हे तो सांगे आणि त्याचा शब्द गाव मानी. ज्याच्या स्मरणात सबंध गावाची हद्द होती, त्याच्या स्वतःच्या नावावर मात्र जमीन नसे किंवा नावापुरती असे. अनसिंगच्या आणि आसपासच्या खेड्यांतील आमच्या धम्मबांधवांनी ही गोष्ट आपल्या मुलांस अवश्य सांगावी. कारण आज आम्ही ज्या शिक्षणाविषयी लिहीत आहोत, त्याचे मूळ तेथे आहे.

1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे जमिनीची मोजणी झाली. तेहतीस फुटांची साखळी आली. साखळीभर लांब व साखळीभर रुंद जागा म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, हा हिशेब शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. या मोजणीने न्यायाची सोय झाली, हे नाकारता येणार नाही. परंतु जे ज्ञान आमच्या पूर्वजांच्या डोक्यात होते, ते सरकारी दप्तरात गेले, आणि दप्तर लिहिणारे हात दुसऱ्यांचे होते.

आज ती साखळीही जुनी झाली आहे. भूकरमापक आता रोव्हर नावाचे यंत्र घेऊन शेतात उभा राहतो. आकाशातील निदान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांच्या वेळेवरून ते यंत्र आपली जागा ठरविते. आणि ज्याची जागा आधीच अचूक ठाऊक आहे अशा जमिनीवरील स्थिर केंद्राकडून दुरुस्ती मिळाली, म्हणजे काही मीटरांची चूक काही सेंटीमीटरांवर येते. या यंत्रांचे, ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांचे, उपग्रहाच्या चित्रांचे व संगणकावरील नकाशांचे जे एकत्रित शास्त्र, त्यास भू-अवकाशीय अभियांत्रिकी किंवा जिऑमॅटिक्स म्हणतात. 2021 मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरील बरेचसे निर्बंध उठविले आणि 2022 मध्ये या क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. धरण, रस्ता, नगररचना, पीकपाहणी, पूरनियंत्रण, यांपैकी कोणतेही काम आता या शास्त्राला वगळून होत नाही.

हे परक्यांचे शास्त्र आहे असे कोणी समजू नये. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीचा आरंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, वारला. आणि जगातील सर्वांत उंच शिखराची उंची ज्याच्या आकडेमोडीतून निघाली, तो राधानाथ सिकदर याच देशातला होता. त्याचे नाव शिखराला मिळाले नाही, ही गोष्ट वेगळी !

आता मार्ग. दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सर्वेक्षकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो किंवा स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका असली, की भूमि अभिलेख खात्यातील भूकरमापकाच्या परीक्षेस बसता येते. गरीब कुटुंबास हा सर्वांत जवळचा रस्ता आहे आणि आम्ही त्यास कमी लेखत नाही. परंतु तेथेच थांबावे काय ? बारावी विज्ञानानंतर स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घ्यावी आणि मग गेट परीक्षेतून पुढे जावे. 2022 पासून त्या परीक्षेत जिऑमॅटिक्सची स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये, रुरकीस, डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेत उच्च शिक्षणाची सोय आहे. चेन्नईला गिंडी येथील महाविद्यालयात तर पदवीच भूमाहितीशास्त्राची मिळते. ती संस्था 1794 मध्ये मोजणीची शाळा म्हणून सुरू झाली होती. नोकरीसाठी भारतीय सर्वेक्षण विभाग आहे, इस्रो आहे, आणि आपल्या नागपुरास महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. पुणे, हैदराबाद व बंगळूर येथील खासगी कंपन्या निराळ्याच.

खर्चाचे काय ? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, शासकीय वसतिगृहे आहेत, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. नव्याने दीक्षा घेतलेल्या काही घरांत अजून भीती असते की, कागदावर बौद्ध लिहिले तर सवलत जाईल. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांस अनुसूचित जातीचे हक्क दिले आहेत. मात्र जातीचा दाखला व पडताळणी वेळेवर करून ठेवावी. प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ करून ती होत नाही.

एक इशाराही देणे आम्हांस भाग आहे. तीन महिन्यांत ड्रोनचालक करून भरमसाट पगार देतो, असे सांगून पैसे उकळणारे पुष्कळ निघाले आहेत. त्याचप्रमाणे संगणकावर दिवसभर नकाशावर रेघा ओढण्याचे कंत्राटी काम म्हणजे अभियंत्याची नोकरी नव्हे. ज्याने त्रिकोणमिती व सांख्यिकी पचविली नाही, तो रेघा ओढीतच राहतो. 1942 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारला जे निवेदन दिले, त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी त्यांनी वेगळी रक्कम मागितली होती. आमच्या वस्तीतील मुले मात्र आजही अकरावीला गणित टाळतात, आणि आईबापही त्यास संमती देतात.

आणि हा केवळ पोटाचा प्रश्न नाही. 2020 पासून स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका मिळत आहेत. पण आपल्या किती वस्त्या गावठाणाच्या रेषेच्या आत आहेत ? जे घर रेषेबाहेर, गायरानात आहे, त्यास ती पत्रिका आपोआप मिळत नाही. तेथे हक्क सिद्ध करावयाचा तर मोजणीची क-प्रत वाचता आली पाहिजे, जुना नकाशा नव्यावर ठेवून फरक दाखविता आला पाहिजे, चूक असेल तर मुदतीत हरकत घेता आली पाहिजे. हे काम वस्तीतल्याच शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने केले, तर त्यासाठी कोणाच्या ओट्यावर तिष्ठत बसावे लागणार नाही.

दहावीचा निकाल लागला की ज्या घरी पेढे वाटले जातील, त्या घराने त्याच संध्याकाळी मुलाला विचारावे : गणित ठेवणार की सोडणार ?