कवाड लावलंय का?

पावसाळा लागला की जालना जिल्ह्यातल्या रस्त्यांवर एकच चित्र दिसतं. अंबड रोड घ्या, भोकरदन रोड घ्या, मंठ्याकडे जाणारा रस्ता घ्या, अंधार पडला की डांबरावर जनावरं येऊन बसतात. शेतात चिखल असतो, गोमाशा असतात. रस्ता मात्र कोरडा, दिवसभर तापून कोमट झालेला, आणि जाणाऱ्या गाड्यांच्या वाऱ्यानं तिथं माशाही कमी. जनावराच्या बाजूनं पाहिलं तर जागा अगदी शहाणपणानं निवडलेली आहे. दुचाकीवरून घरी निघालेल्या माणसासाठी मात्र ती जीवघेणी आहे.

मी इंजिनिअर, म्हणून आधी हिशोब मांडतो. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढं जाते. समोर काहीतरी आहे हे लक्षात येऊन ब्रेक दाबेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो, म्हणजे 25 मीटर. रस्ता कोरडा असला आणि ब्रेक चांगले असले तरी थांबायला आणखी 20 मीटर लागतात. एकूण 45. डिपरवर असलेला दुचाकीचा दिवा तीस-चाळीस मीटरच्या पुढं धड दाखवत नाही. त्यात काळी म्हैस, काळा रस्ता आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा अप्पर डोळ्यांत. म्हणजे वेग आवरून चालवणारा, हेल्मेट घातलेला माणूसही इथं वाचेलच असं नाही. त्याच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यानं केलेलं असतं. उरलेलं काम दुसऱ्याच्या हातात होतं, अर्धा किलोमीटर आत, शेताच्या कवाडापाशी.

समृद्धी महामार्गही आपल्याच जिल्ह्यातून जातो. मुंबई ते नागपूर 701 किलोमीटर, आणि जनावरं आत येऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंना कुंपण. तिथं कुंपणाची जबाबदारी सरकारनं उचलली. गावाकडच्या रस्त्यांना असं कुंपण कुणी घालणार नाही, घालणं शक्यही नाही. तिथं शेतकऱ्याचं कवाड आणि गोठ्यातलं दावं हेच रस्त्याचं कुंपण असतं. त्यामुळं कवाड ही फक्त मालकाची खासगी बाब आहे, असं मला वाटत नाही.

हा प्रश्न किती जुना आहे ते पाहा. कुरआनात, सूरह अल्-अंबियामध्ये, हजरत दाऊद (अ.) आणि हजरत सुलैमान (अ.) यांच्यापुढं आलेल्या एका खटल्याचा उल्लेख आहे. रात्री लोकांच्या मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरून चरल्या होत्या. तिथं वापरलेल्या अरबी क्रियापदातच रात्री, राखणदाराशिवाय चरणं हा अर्थ आहे. भाष्यकार सांगतात की हजरत सुलैमान (अ.) यांनी तोडगा काढला तो असा: मेंढ्यांच्या मालकांनी शेत पुन्हा पहिल्यासारखं करून द्यावं, आणि ते होईपर्यंत मेंढ्यांचं दूध आणि लोकर शेतमालकानं घ्यावी. पुढं प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांची उंटीण कुणाच्या तरी बागेत शिरली. तेव्हाचा निवाडा मुवत्ता आणि अबू दाऊदमध्ये आहे: दिवसा बाग राखणं बागवाल्याचं काम, रात्री जनावर राखणं जनावरवाल्याचं.

काही वाचक लगेच सांगतील की हनफी फिकहमध्ये जनावर स्वतःहून सुटून गेलं असेल तर मालकावर भरपाई येत नाही. बरोबर आहे. मुक्या जनावरानं केलेल्या इजेची भरपाई नाही, अशा अर्थाची हदीस बुखारीतही आहे, आणि इमामांमध्ये यावर मतभेद आहेत. पण ती चर्चा भरपाईची आहे. कवाड उघडं टाकून झोपायला त्यातल्या कुणीच सांगितलेलं नाही. रस्त्यावरची त्रासदायक वस्तू दूर करणं ही इमानाची एक शाखा, ही हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ असते. आपण ती काटा आणि दगडापुरती ठेवली आहे. तीनशे-चारशे किलोची म्हैसही त्यात धरायला हवी.

इंग्लंडात हाच वाद 1947 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. सायकलवरून जाणाऱ्या माणसाची रस्त्यावर आलेल्या घोड्याशी टक्कर झाली होती. न्यायाधीशांनी सांगितलं, आपलं जनावर रस्त्यावर जाऊ नये म्हणून कुंपण आणि फाटक राखणं हे जमीनमालकाचं कायदेशीर कर्तव्य नाही. तो नियम बैलगाडीच्या वेगाच्या काळातला होता. मोटारींच्या काळात तो टिकणं अवघड होतं, तरी बदलायला 1971 चा कायदा यावा लागला.

आपल्याकडं कायद्याची कमतरता नाही. 1871 चा कॅटल ट्रेसपास ॲक्ट, म्हणजे आपला कोंडवाड्याचा कायदा, रस्त्यावर मोकाट फिरणारं जनावर पकडून 24 तासांत कोंडवाड्यात पाठवण्याचा अधिकार पोलिसांना देतो. (त्यातल्या गुरांच्या व्याख्येत हत्ती आणि उंटही आहेत. जालन्यात तेवढी वेळ येऊ नये.) भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवण्याचे आणि त्यासाठी गस्ती पथकं नेमण्याचे आदेश दिले. आदेश महामार्गांपुरते ठीक. आखाड्यावरून मुख्य रस्त्याला लागणाऱ्या वाटेवर कुठलं पथक येणार?

म्हणून कवाडाकडं परत येतो. आपल्या भागात पुष्कळ शेतांना कवाड म्हणजे बाभळीच्या दोन फांद्या किंवा तारेनं बांधलेली जुनी जाळी. मोसंबीच्या बागेला तार कंपाउंड असतं, रानडुकरांसाठी झटका मशीन असतं. पीक वाचवायला आपण खर्च करतो, तो केलाच पाहिजे. त्याच हातानं कवाडाचं एवढं बघावं. ते रस्त्याच्या बाजूला न उघडता शेताच्या बाजूला उघडावं. जागा असेल तर रस्त्यापासून एक ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहील एवढं आत घ्यावं, म्हणजे कवाड उघडताना ट्रॉलीचा मागचा भाग रस्त्यावर राहत नाही. म्हैस शिंगानं कवाड वर उचलते आणि ते बिजागरीतून निघून येतं. वरच्या बिजागरीची पिन उलटी, खालच्या दिशेला बसवली की ते निघत नाही, आणि गावातला वेल्डर हे काम सहज करतो. कडीला साखळीची जोड द्यावी, कारण नुसती कडी काही जनावरं जिभेनं उघडायला शिकतात. आणि कवाड थोडं कलतं बसवावं, म्हणजे सोडलं की आपल्या वजनानं बंद होईल. आमच्या धंद्यात याला डिफॉल्ट म्हणतात: माणूस विसरला तरी यंत्रणा सुरक्षित बाजूलाच राहावी. सालगडी दमलेला असतो, पोरं घाईत असतात. त्यांच्या आठवणीवर कुणाचा जीव टांगून ठेवू नये. जनावराच्या गळ्यात रेडियमचा पट्टा बांधला तर तोही उपयोगी. सुटलंच, तर दिव्यात निदान चमकेल.

पण रस्त्यावरचं प्रत्येक जनावर सुटलेलं नसतं. काही सोडून दिलेली असतात, आणि तिथं कवाडाची गोष्ट संपते. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. नांगरट ट्रॅक्टरनं होते. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला ना शेतात काम, ना बाजारात गिऱ्हाईक. सरकार गोशाळांना देशी गाईमागं रोज 50 रुपये देतं, हा गोऱ्हा त्यात बसत नाही. 2025 च्या उन्हाळ्यानंतर वाटेतल्या मारहाणीला आणि अडवणुकीला कंटाळून कुरेशी समाजानं जनावरांची खरेदी बंद ठेवली, तेव्हा बाजारात उभ्या राहिलेल्या जनावरांचे मालक बहुतेक हिंदू शेतकरी होते. व्यापारी हटला की काय होतं ते त्यांनी आपल्याइतकंच पाहिलं. हा विषय मोठा आहे, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. इथं एवढंच, की ज्याला चारा परवडत नाही त्याच्यावर दंड लावून रस्ता मोकळा होणार नाही.

आता एक गोष्ट जी आपण आपसात बोलतो, पण लिहीत नाही. रात्री रस्त्यावर गाय दिसली तर मुसलमान तरुण तिला हाकलायला गाडीवरून उतरायला कचरतो. जखमी असेल तर आणखीच. कुणी पाहिलं, व्हिडिओ काढला, तर आपण काय करत होतो हे कुणाला पटवणार? ही भीती उगाच आलेली नाही, आणि मी कुणाला शौर्याचा सल्ला देणार नाही. पण निघून गेलो तर मागून येणारा त्याच जनावरावर आदळणार, आणि तो आपल्याच मोहल्ल्यातला असू शकतो. गाडी पुढं बाजूला घ्या, इंडिकेटर चालू ठेवा, मागच्या गाड्यांना मोबाईलच्या उजेडानं इशारा करा. 112 वर फोन करा, जनावर जखमी असेल तर 1962 वर पशुवैद्यकीय सेवेला. जवळच्या वस्तीवरून कुणालातरी हाक मारून सोबत घ्या. जनावर स्वतःच्या गाडीत घालू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. कानात पिवळा बिल्ला असेल तर त्यावरचा 12 अंकी क्रमांक लिहून घ्या, मालक त्यावरून सापडतो.

15 ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा भरते. आपली पोरं झेंडावंदनाला असतात, ग्रामसभेत फारशी दिसत नाहीत. या वेळी बसा आणि विचारा: गावात कोंडवाडा आहे का? असेल तर त्याची भिंत उभी आहे का, तिथं पाणी-चाऱ्याची सोय आहे का, आणि किल्ली कुणाकडं असते? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. आणि सभेला निघण्याआधी आपल्या गोठ्याचं कवाड एकदा हलवून बघा. म्हैस आपली असली की प्रश्न विचारणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.