गळवाला वाट द्या, पण ब्लेडने नव्हे!



बाभळीचा काटा पायात मोडतो, विळा हाताला लागतो आणि चार दिवसांत गळू ठणकू लागते. मग गूळ-चुना होतो, बिब्बा होतो आणि शेवटी दाढीचे ब्लेड! बिब्ब्याने कातडी भाजते, ब्लेडने विष आणखी आत जाते. ऐन काढणीत असा सुजलेला हात घेऊन घरी बसलेली माणसे मी दरवर्षी पाहतो.

शेतात पाणी तुंबले तर आपण आधी चर काढतो. नुसते खत टाकून पिवळे पीक हिरवे होत नाही. गळवाचेही तसेच. पू साचल्यावर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, त्याला वाट करून द्यावी लागते.

दवाखान्यात याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, सुईने पू ओढणे. ही सोपी, पण भरवशाची नाही. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सात दिवसांनी सुईने शेकडा २६, तर चीर देऊन शेकडा ८० रुग्णांचे काम झाले. दुसरी, भूल देऊन चीर घेणे व पोकळीत कापडी वात भरणे. ही जुनी आणि खात्रीची. पण वात बदलताना जीव कासावीस होतो. लहान गळवात वातीची गरज बहुधा नसतेच. तिसरी, दोन टोकांना दोन बारीक छेद घेऊन त्यातून रबराची बारीक पट्टी ओवून सैल गाठ मारणे. चराची दोन्ही तोंडे मोकळी ठेवावीत तसे! पू निथळत राहतो, रोज वात बदलावी लागत नाही, जखम घरी धुता येते. आठ-दहा दिवसांत पट्टी काढतात.

माझे स्पष्ट मत असे, की ज्याची मजुरी रोज बुडते त्याला ही तिसरी पद्धत सोयीची. वात बदलायला तालुक्याला हेलपाटे कोण घालणार? माणूस मधेच सोडून देतो आणि गळू पुन्हा भरते. सरपंचांनी हा विषय आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत काढावा. निदान ड्रेसिंगची सोय तरी उपकेंद्रात व्हावी. पद्धत कोणती, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

ताप आला, लाली पसरू लागली, गळू तोंडावर किंवा गुदद्वाराजवळ असले, मधुमेह असला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्या.

बैलाच्या खांद्याला गळू झाले तर आपण डॉक्टरला बोलावतो. मग स्वतःच्या अंगाची एवढी हेळसांड का?