बोटीला टार्टन कोणी नेसवलं?

इंटिरिअर डिझाइन शिकणारी एखादी मैत्रीण असेल तर तिला एक प्रश्न विचारून बघा. पन्नास-साठ वर्षं जुनी, लहानशी प्रवासी बोट आहे. ती नव्याने सजवायचीय. आत लाकूड, पितळ आणि जाड गालिचे ठेवशील, की पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा आणि उशाशी चार्जिंग पॉइंट? माझ्या रूममेटने डोकं वर न काढता सांगितलं, ‘ट्रॅडिशनल! जुन्या बोटीला जुनंच शोभतं.’

मलाही तसंच वाटायचं. मग ‘हेब्रिडियन प्रिन्सेस’बद्दल वाचलं आणि गोंधळ उडाला.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांमधून फिरणारी ही छोटी क्रूझ बोट. जेमतेम पन्नास प्रवासी. आत शिरलात तर बोटीत आहोत हे विसरायला होईल: चौकटीचं टार्टन कापड, फुलाफुलांचे पडदे आणि दिवाणखान्यात चक्क विटांची शेकोटी. केबिनना नंबर नाहीत; बेटांची, किल्ल्यांची, सरोवरांची नावं आहेत. ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ यांनी 2006 मध्ये ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त कुटुंबासाठी ही बोट भाड्याने घेतली होती, 2010 मध्ये पुन्हा घेतली. थोडक्यात, ‘ट्रॅडिशनल’ म्हटलं की फोटो हिचाच लावावा.

आता गंमत ऐका. 1964 मध्ये ही बोट बांधली गेली तेव्हा तिचं नाव ‘कोलंबा’ होतं आणि ती साधी कार फेरी होती. सहाशे माणसं, पन्नास गाड्या. बेटांवरचे शेतकरी, त्यांचं सामान, टपाल असा सगळा संसार वाहायची. शीतयुद्धाचे दिवस होते, त्यामुळे अणुयुद्ध झालंच तर किरणोत्सारी धुळीपासून बचाव व्हावा म्हणून आतला भाग बंद करून घेण्याची सोयही तिच्यात होती. तिथे शेकोटी कुठली आणि फुलांचे पडदे कुठले! हे सगळं 1989 मध्ये आलं, फेरीची क्रूझ झाली तेव्हा. म्हणजे ही ‘परंपरा’ बोटीची नाहीच. ती जमीनदारांच्या हवेलीतून उसनी आणलेली आहे. लग्नात भाड्याचा फेटा बांधतात ना, तसं. शोभतो, फोटोही भारी येतात, पण तो घरचा नसतो.

त्याच 1964 साली नॉर्वेत ‘लोफोटेन’ नावाची बोट बांधली गेली. तीही किनाऱ्याकिनाऱ्याने माणसं, टपाल आणि माल नेणारी. तिला कोणी हवेली बनवलं नाही. अरुंद केबिन, लाकडी पॅनेलचे सलून, माल चढवायची क्रेन, सगळं बरंचसं जसंच्या तसं राहिलं आणि 2001 मध्ये देशाच्या वारसा खात्याने तिला जतन करण्याजोगी बोट ठरवलं. केबिन इतक्या लहान की बॅग उघडायची तर सोबत्याने बाहेर जावं. तरीही तीच बोट हवी म्हणून हट्ट धरणारे प्रवासी होते. माझ्या लेखी खरं ट्रॅडिशनल हे. थोडं गैरसोयीचं, पण स्वतःचं.

मग मॉडर्नवाले खोटे ठरतात का? नाही ना. त्याच नॉर्वेच्या किनाऱ्यावर ‘कोंग हाराल्ड’सारख्या 1990 च्या दशकातल्या बोटी 2016 मध्ये नव्याने सजवल्या. पितळेचा झगमगाट कमी झाला. फिकट लाकूड, लोकर, दगडाचे आणि बर्फाचे रंग आले. नाकं मुरडणारे म्हणाले, कुठल्याही हॉटेलसारखं दिसतंय. पण काचेबाहेर जे दिसतं तेच रंग आत आणले आहेत. मला तर ही ‘मॉडर्न’ बोट टार्टनवालीपेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

आणि एक गोष्ट मूडबोर्डवर कधीच दिसत नाही: आग. 13 नोव्हेंबर 1965 रोजी मायामीहून बहामाला निघालेल्या ‘यार्माउथ कॅसल’ या 1927 च्या बोटीला आग लागली. आतलं लाकूड आणि वर्षानुवर्षं एकावर एक चढवलेले रंगाचे थर धडाधड पेटले. 90 माणसं गेली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि ऑक्टोबर 2010 पासून आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जुन्या प्रवासी बोटींनाही ज्वलनशील बांधकामाबद्दलचे नियम लागू झाले. कित्येक सुंदर जुन्या बोटी त्यापुढे टिकल्या नाहीत. म्हणूनच आज नव्याने सजवलेल्या बोटीत ‘सागवानी’ दिसणारी भिंत अनेकदा मिनरल वूलच्या पॅनेलवर चिकटवलेला पातळ थर असते. ‘खोटं लाकूड’ म्हणून आपण हसतो खरं, पण रात्री दोन वाजता बंद केबिनमध्ये झोपलेली मी असेन तर मला खोटंच लाकूड द्या.

तुम्ही म्हणाल, स्कॉटलंड-नॉर्वेचं आम्हाला काय? तर 2018 च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ सुरू झाली तेव्हा आपण स्टोरीवर स्टोरी टाकत होतो. नाव कान्होजी आंग्रे आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या प्रवाळ पट्ट्यावरून. बोट मात्र जपानची. आधीचं नाव ‘ओगासावारा मारू’, टोकियोहून दूरच्या ओगासावारा बेटांवर जवळजवळ एक अख्खा दिवस प्रवास करून माणसं नेणारी. आता सांगा, या बोटीची परंपरा कोणती? मराठा आरमाराची, जपानी बेटांची, की भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या कोकणच्या आगबोटींची?

आजोबा त्या आगबोटीबद्दल अजून सांगतात. डेकवर वळकटी पसरायची, डबा उघडायचा, शेजारच्याला बोट लागली की त्याला लिंबू द्यायचं आणि बंदरावर पडावात उतरताना जीव मुठीत धरायचा. त्यांच्या आठवणीत झुंबर नाही, पितळ नाही, एकही रंग नाही. आहे तो उघडा डेक आणि अनोळखी माणसांची सोबत.

तुमच्यापैकी कोणीतरी पाच-सात वर्षांनी खरंच अशा एखाद्या बोटीचं इंटिरिअर करत असेल. त्या वेळी तलवारी-ढालींच्या प्रतिकृती भिंतीवर ठोकायच्या आधी फक्त एक करा. वरचा एक डेक मोकळा सोडा, तिकीट आमच्या खिशाला परवडेल असं ठेवायला मालकाला सांगा आणि तिथे चादर टाकायची परवानगी द्या. आजोबांना घेऊन मी येते.