प्रौढांची अंगाई

सदाशिव पेठेत 'कॉट बेसिस'वर राहणारा माझा एक विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला हटकून डुलक्या घेतो. एम.ए. करता करता तो स्पर्धा परीक्षेचीही तयारी करतो आहे. एका खोलीत चार खाटा, रात्री बारापर्यंत अभ्यासिका आणि नंतर झोपेची आराधना. एकदा तासानंतर त्याला थांबवून विचारले, तेव्हा तो संकोचत म्हणाला, "मॅडम, झोप लागावी म्हणून कानात पाऊस लावतो. पण मधेच जाहिरात सुरू होते आणि जाग येते."

कानात पाऊस लावणे! मराठीत ही क्रिया नवीन आहे. चौकशी केली तेव्हा कळले की हा पाऊस आठ तासांचा असतो, त्याच्या तळाशी एक लांबलचक सूर असतो आणि 'गाढ झोप व जिवंत स्वप्ने' असे आश्वासन वर लिहिलेले असते. त्याच्या गावाकडच्या घराला पत्रे आहेत, पावसाळ्यात पत्र्यांचा आवाज ऐकतच तो लहानाचा मोठा झाला. हा पाऊस मात्र पत्र्यावरचा नाही आणि कौलांवरचाही नाही. तो कुठल्या तरी परक्या जंगलातला आहे. खोलीतले इतर तिघेही असेच काहीतरी लावून झोपतात. म्हणजे दहा बाय बाराच्या एका खोलीत रोज रात्री चार अंगाया चालू असतात आणि एकाची दुसऱ्याला ऐकू जात नाही.

हा किस्सा मी स्टाफरूममध्ये सांगितला. अपेक्षेप्रमाणे दोन प्रतिक्रिया आल्या. एक, 'हे कसले संगीत, ही तर झोपेची गोळी'. दुसरी, 'आपल्याकडे हे सारे पूर्वीपासूनच आहे, रागांनी झोप आणता येते'. पुराव्यादाखल १९३३ साली पं. ओंकारनाथ ठाकुरांनी निद्रानाशाने त्रस्त मुसोलिनीला गाऊन झोपवल्याची कथाही आली. ही कथा आपण फार अभिमानाने सांगतो. झोपून उठल्यावर त्या गृहस्थाने जगाचे काय केले, हे मात्र तिच्यात नसते. असो. मला या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या वाटतात.

पहिलीबद्दल आधी बोलू. ज्याला आज अ‍ॅम्बियंट संगीत म्हणतात (मराठीत 'परिवेशसंगीत' म्हणून पाहिले, पण ते परिभाषाकोशातून आल्यासारखे वाटते), त्याला हे नाव ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराने रूढ केले. १९७५ मध्ये अपघातानंतर तो अंथरुणाला खिळलेला होता. भेटायला आलेल्या मैत्रिणीने हार्पच्या संगीताची तबकडी लावून दिली. आवाज फारच लहान राहिला होता आणि उठून तो वाढवण्याची ताकद ईनोमध्ये नव्हती. बाहेरच्या पावसात मिसळलेले ते अर्धवट सूर ऐकता ऐकता त्याला संगीताची वेगळीच शक्यता दिसली. लक्ष दिले तर देण्याजोगे असेल, न दिले तरी रुसणार नाही, असे संगीत. १९७८ च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मध्ये ती प्रत्यक्षात आली. एका आजारी, एकट्या माणसाच्या खोलीत सुचलेली ही कल्पना आहे. तिला नुसते धंदेवाईक म्हणून झटकून टाकणे मला जमत नाही.

दुसऱ्या प्रतिक्रियेला उत्तर देणे अधिक अवघड आहे, कारण ती आपल्या परंपरेच्या नावाने बोलते. पण ही परंपरा झोपवते कुणाला? मराठीत झोपेची गाणी दोघांसाठी आहेत, तान्ह्या बाळासाठी आणि देवासाठी. बाळाला अंगाई आणि पाळणा, देवाला शेजारती. मोठ्या माणसाच्या वाट्याला येतो तो जागर. गोंधळ, भजनी मंडळांची रात्र, एकादशीचे कीर्तन हे सारे जागे ठेवण्यासाठी आहे. कोजागिरीला लक्ष्मी फिरते तीसुद्धा कोण जागे आहे हे पाहायला, कुणाला झोप लागली याची विचारपूस करायला नव्हे. फार काय, आषाढीत पंढरपूरला देवाचाच पलंग काढतात. दर्शन अहोरात्र सुरू राहते, शेजारती थांबते आणि प्रक्षाळपूजेपर्यंत विठ्ठलाला विसावा नसतो.

रागांचेही तेच. रात्रीचा राग म्हणजे झोपेचा राग नव्हे. दरबारी, मालकंस, अडाणा हे रात्रीचे खरे, पण ते जाग्या माणसांनी जाग्या माणसांसाठी गायचे राग आहेत. दरबारीतला आंदोलित गंधार ऐकून ज्याला गुंगी येते त्याने तो ऐकलेलाच नाही, असे आमचे एक सर म्हणत. (ते स्वतः मैफलीत पुष्कळदा पेंगत, ही गोष्ट वेगळी.)

तेव्हा प्रौढ माणसाची अंगाई ही आपल्याकडे खरोखरच नवी गरज आहे. पूर्वी घरे भरलेली होती, माणसे अंगमेहनतीने थकत होती, म्हणून ती जाणवली नसेल. पण अंगाईत आणि त्या आठ तासांच्या पावसात एक मूलभूत फरक आहे, आणि तो सुरांचा नाही. अंगाई म्हणणारी बाई जागी असते. बाळाला शब्द कळत नाहीत, राग कळत नाही. आपण झोपलो तरी कुणीतरी जागे आहे, एवढे मात्र कळते. जात्यावरच्या ओव्यांचे असेच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी पुण्यात राहून गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांच्या ध्वनिमुद्रणांत ओवीखाली जात्याची घरघर ऐकू येते. तंबोऱ्यासारखी अखंड, एकसुरी. पहाटेच्या अंधारात जवळ झोपलेल्या पोराने आयुष्यातला पहिला षड्ज बहुधा तिथेच ऐकला असेल. ते दळणाऱ्या बाईच्या दृष्टीने श्रमाचे गाणे होते, अर्धवट झोपेतल्या पोराच्या दृष्टीने ते परिवेशसंगीतच की!

तंबोऱ्याचा उल्लेख ओघात आला, पण तो इथे केवळ उपमेपुरता नाही. ईनोने ज्याचे ऋण मानले तो अमेरिकन संगीतकार ला मॉन्ट यंग तासन्‌तास चालणाऱ्या एकाच स्वरावर काम करत होता. 'ड्रीम हाऊस', म्हणजे जिथे स्वर कधी थांबतच नाहीत असे घर, ही कल्पना त्याची आधीपासूनची. पण १९७० मध्ये पं. प्राणनाथ अमेरिकेत गेले आणि यंग, त्याची पत्नी मरियन झझीला आणि टेरी रायली असे तिघेही त्यांचे गंडाबंध शिष्य झाले. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. आणि याच वहीद खाँकडे पुण्याच्या हिराबाई बडोदेकरही शिकल्या होत्या. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये तंबोऱ्याच्या नादात रात्री काढणाऱ्या त्या मंडळींचे आणि आपल्या पेठांमधल्या श्रोत्यांचे गुरुघराणे एकच. सदाशिव पेठेतल्या त्या कानांत आज जो लांबलचक सूर वाजतो, त्याचा एक धागा अशा लांबच्या वळणाने आपल्याच घराण्याशी जुळतो. या प्रवासात जागा असलेला गवई तेवढा गळून पडला.

तो जागा गवई आणि झोपलेला श्रोता मी एकत्र पाहिले आहेत. सवाई गंधर्वांच्या निधनानंतर १९५३ पासून भीमसेन जोशींनी त्यांच्या स्मृतीसाठी महोत्सव सुरू केला. माझ्या विद्यार्थिदशेत तो रमणबागेत भरत असे आणि रात्रभर चाले. डिसेंबरची थंडी, भारतीय बैठक, शाली, थर्मास. एम.ए.ला असताना १९९९ मध्ये मी पहिल्यांदा पूर्ण रात्र बसले. 'बसले' म्हणजे दोनच्या सुमारास मान खाली गेली. शेजारी एक अनोळखी आजी होत्या. त्यांनी आपल्या शालीचा अर्धा भाग माझ्यावर टाकला आणि म्हणाल्या, "झोप बाळ, चांगलं आलं की उठवते." मी झोपले. स्वप्नात आजोळची विहीर होती, रहाट फिरत होता, पोहरा वर येतच नव्हता, आणि त्याचा मला अजिबात त्रास होत नव्हता. जाग आली ती आजींच्या कोपराने. वर कुणीतरी वेगळेच गात होते. रहाटाची लय आणि ती लय एकच होती, की मला तसे वाटले, हे आज सांगता येणार नाही.

इतके स्पष्ट स्वप्न मला पुन्हा क्वचितच पडले. म्हणून 'जिवंत स्वप्ने' या आश्वासनाकडे मी कुतूहलाने पाहते. झोपेच्या अभ्यासकांच्या मते ठसठशीत स्वप्ने मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात पडतात, आणि झोप मधेमधे मोडली तर ती अधिक आठवतात. थोडक्यात, गाढ झोप आणि लक्षात राहणारी स्वप्ने ही दोन्ही आश्वासने एकमेकांच्या विरुद्ध जातात. रॉबर्ट रिच या संगीतकाराला हे नेमके माहीत होते. १९८२ पासून त्याने कॅलिफोर्नियात 'निद्रामैफली' केल्या. श्रोते अंथरुणे घेऊन येत आणि तो सुमारे नऊ तास वाजवत राही. श्रोत्यांना गाढ झोपवायचे नाही, झोपेच्या उंबरठ्यावर ठेवायचे, हा त्याचा हेतू होता. आणि तो स्वतः रात्रभर जागा असे.

आपल्या वाङ्मयात स्वप्नांना केवढे मोल आहे! तुकोबांना कवित्वाची आज्ञा स्वप्नात झाली, गुरूपदेशही स्वप्नात झाला. पण प्रस्तुत विषयाच्या संदर्भात मला बहिणाबाई अधिक महत्त्वाच्या वाटतात. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. वय अजून बालपणातले. घरी नवऱ्याचा मार, जिवापाड लावलेले वासरू मेलेले. त्यानंतरच्या व्याकूळ दिवसांत ते अभंग मनात घोळत राहिले आणि एके दिवशी स्वप्नात तुकोबा आले, त्यांनी मंत्र दिला. तुकोबा तेव्हा देहूत हयात होते आणि बहिणाबाईंनी त्यांना पाहिलेले नव्हते. ऐकलेल्या स्वरांतून इतके जिवंत स्वप्न पडल्याची नोंद मराठीत दुसरी कोणती असेल तर मला वाचायला आवडेल. ही नोंद 'आत्मनिवेदना'त आहे आणि आपण ती अभ्यासक्रमात 'स्त्री-संतांची आत्मचरित्रपरता' या मथळ्याखाली दोन गुणांच्या टिपेपुरती शिकवतो. हे स्वप्न त्यांना झोप यावी म्हणून ऐकलेल्या आवाजाने पडले नाही. त्यांनी जिवाचे कान करून ऐकले होते, म्हणून ते पडले. त्या पावसाच्या फितीबद्दल माझा आक्षेप असेल तर एवढाच. ती झोप देत असेल, पण स्वप्नाला लागणारे काही तिच्यात नाही. तिच्यात शब्द नाहीत, गाणारा नाही आणि उठवणाराही नाही.

रमणबागेतल्या त्या रात्री आता नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे ध्वनिवर्धक थांबले. वर्षातल्या मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, तेवढीच. महोत्सवाचे दिवस वाढले, २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला, पण रात्र गेली ती गेलीच. मी नियमाविरुद्ध नाही. गणपतीत लक्ष्मी रस्त्यालगत राहणाऱ्या कुणालाही विचारा. पण हा नियम बंदिस्त सभागृहाला तसा लागू नाही, आणि ध्वनिवर्धकच नसेल तर प्रश्नच मिटतो. म्हणून मी विभागाच्या बैठकीत सुचवले, की येत्या कोजागिरीला कॉलेजच्या सभागृहात रात्रभर बैठक करावी. एक तंबोरा, विद्यार्थ्यांपैकी जे गातात ते, अधूनमधून ओव्या आणि बहिणाबाईंचे अभंग. ज्याला झोप येईल त्याने झोपावे. प्राचार्यांनी वॉचमनच्या जादा भत्त्याचा मुद्दा काढला. तो रास्त आहे. त्याचे पैसे आम्ही वर्गणीतून देऊ.

तो विद्यार्थी तास संपल्यावर येऊन म्हणाला, "मॅडम, सगळेच झोपले तर?" त्याला एक वही देऊन सांगितले की नावे लिही, दोन-दोन तासांच्या पाळ्या लाव. पहाटे दोन ते चारच्या पाळीला अजून कुणी नाव दिलेले नाही. ती बहुतेक मलाच करावी लागेल.