फळाची पेटी: खर्च कीं राखण?

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील बागाईतदारांनीं फळ पिकविण्याची विद्या उत्तम साधिली आहे. परंतु पिकलेलें फळ ग्राहकाच्या हातीं अभंग पोंचविण्याकडे आपलें लक्ष अद्याप पुरेसें गेलेलें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं मोसंबी मालमोटारींत मोकळीच भरितात. तळचें फळ दबतें, आणि डागी मालाचा कापलेला भाव आपण निमूटपणें सोसतों.

यावर पन्हळी पुठ्ठ्याची पेटी हा चांगला उपाय आहे. दोन सपाट कागदांमध्यें लाटा पाडलेला कागद चिकटवून हा पुठ्ठा करितात. काचेच्या बाटल्या सांभाळण्यासाठीं अशा कागदाचें पेटंट अमेरिकेंत १८७१ सालीं घेतलें गेलें. त्यांतील पोकळी धक्का झेलते व उभ्या लाटा खांबांप्रमाणें ओझें तोलतात. वरच्या पेटीचा भार खालच्या पेटीवर पडतो, फळावर पडत नाहीं, हेंच तिचें इंगित.

कोणी म्हणेल, प्लास्टिकचें क्रेट पुन्हां पुन्हां वापरतां येतें. पेटीचा खर्च कशास? जवळच्या पेठेस क्रेट पुरे, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु दूरच्या पेठेहून रिकामें क्रेट परत आणण्यासही भाडें पडतें. शिवाय २०१६ सालीं मराठवाड्याच्या केशर आंब्यास व जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालें. हें नांव ढिगावर लिहितां येत नाहीं. पेटीवर लिहितां येतें. ढिगांत माल व्यापाऱ्याचा होतो, पेटीवर तो आपला राहतो.

मात्र पेटी कांहीं जादू नव्हे. ओलाव्यानें पुठ्ठा खचतो. म्हणून पेट्या कोरड्या जागीं, जमिनीपासून उंच ठेवाव्या. कोपऱ्यावर कोपरा येईल अशा रचाव्या, कारण बळ कोपऱ्यांतच असतें. हवेसाठीं छिद्रें असावीं, पण तीं कोपऱ्यांपासून दूर. फळ देठासह उतरवून, प्रतवारी करून, एका पेटींत एकाच प्रतीचें भरावें. वर चांगलें व तळाशीं हलकें भरणारा स्वतःचेंच नांव बुडवितो.

एकट्यास पेट्या महाग पडतात. गांवानें मिळून एकत्र मागणी करावी. वाळूज व चिकलठाण्याच्या कारखान्यांतील माल पुठ्ठ्याच्या पेट्यांतून देशोदेशीं जातो. लोखंडाच्या सुट्या भागाची एवढी निगा, आणि वर्षभराच्या घामाचें फळ मात्र उघडें, हें आपणांस शोभत नाहीं. येत्या हंगामांत निदान निवडक प्रतीचा माल तरी पेटींतून धाडून पाहावा, आणि दोन्ही पट्ट्या शेजारीं ठेवून हिशेब करावा.