मालकाचे बिनपगारी हिशेबनीस



आपल्याकडे क्रिकेटचे जे वेड आहे, ते अमेरिकेत बेसबॉलचे. त्यांच्या सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पर्धेला मेजर लीग म्हणतात. तीत ३० क्लब आहेत आणि प्रत्येक क्लब एका मोसमात १६२ सामने खेळतो. हिवाळ्याच्या तोंडावर मोसम संपला, की मैदाने ओस पडतात आणि दुसराच खेळ सुरू होतो. कोणत्या क्लबने कोणाला ठेवावे, कोणाला सोडावे, कोणाच्या बदल्यात कोणाला घ्यावे, अमका गोलंदाज मागतो तेवढ्या पैशांच्या लायकीचा आहे काय, याचा काथ्याकूट सारा हिवाळा चालतो. पूर्वी लोक थंडीत शेगडीभोवती बसून या गप्पा मारीत. म्हणून त्या काळाला तिकडे 'गरम शेगडी' असेच नाव पडले आहे.

गप्पांना आमचा विरोध नाही. चहाच्या टपरीवर आपणही रोज भारताचा संघ निवडतो. विरोध आहे तो त्या गप्पांच्या भाषेला. स्वतः कारखान्यात राबणारा, ट्रक चालविणारा, टपाल वाटणारा माणूस खेळाडूविषयी बोलू लागला, की एकदम मालकाच्या खुर्चीत जाऊन बसतो. 'हा महाग पडतो.' 'तिशी उलटली, काढून टाका.' 'हा पोरगा स्वस्तात मिळतोय, सहा वर्षे वापरून घ्या.' घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात ते हेच! मालकाने एक छदाम न मोजता लाखो हिशेबनीस कामाला लावले आहेत.

वरकड मूल्याचे कौतुक

या हिशेबाचे हत्यार म्हणजे 'वॉर' नावाचा आकडा. खालच्या स्पर्धेतून केव्हाही, किमान पगारावर उचलून आणता येईल अशा बदली माणसापेक्षा हा खेळाडू क्लबला किती विजय जास्त मिळवून देतो, ते हा आकडा सांगतो. आकडा स्वतः वाईट नाही. डोळ्यांत न भरणारे काम करणाऱ्या कित्येक खेळाडूंचे मोल त्यामुळे लोकांना कळले. खोट आहे ती पुढच्या पायरीत. एका विजयाला बाजारभाव लावायचा, त्याला खेळाडूच्या विजयांनी गुणायचे, त्यातून त्याचा पगार वजा करायचा. जे उरते त्याला हे लोक 'सरप्लस व्हॅल्यू' म्हणतात.

साथींनो, हा शब्द आम्ही त्यांच्या तोंडी घातलेला नाही. तिकडचे विश्लेषक आणि प्रेक्षक तो राजरोस वापरतात. १८६७ साली कार्ल मार्क्सने 'भांडवल' ग्रंथात याच वरकड मूल्याचा हिशेब मांडला, तो मालकावरील आरोपपत्र म्हणून. आज तोच हिशेब मालकाच्या शहाणपणाचे प्रशस्तिपत्र म्हणून मांडला जातो! ज्या कामगाराला त्याच्या कामाच्या मानाने सर्वांत कमी पैसे मिळतात, तो 'उत्तम सौदा'. आणि ज्याने लढून वाजवी दाम पदरात पाडून घेतला, तो 'डोईजड ओझे'.

उदाहरण घ्या. पिट्सबर्गचा गोलंदाज पॉल स्कीन्स याने २०२५ साली आपल्या लीगमधील सर्वोत्तम गोलंदाजाचा सन्मान मिळविला. त्या वर्षी त्याचा पगार होता ८ लाख ७५ हजार डॉलर. आपल्याला ही रक्कम डोळे पांढरे करणारी वाटेल. पण खुल्या बाजारात त्या तोडीच्या गोलंदाजाला वर्षाला त्याच्या कितीतरी पट मिळतात. मधला फरक कोणाच्या खिशात गेला? क्लबच्या. आणि टाळ्या कोणी वाजविल्या? प्रेक्षकांनी.

भाव ठरला कसा?

खेळाडूचा भाव त्याच्या गुणावर ठरतो, असे या हिशेबनिसांना वाटते. इतिहास वेगळे सांगतो.

बेसबॉलच्या मालकांनी १८७९ पासून 'राखीव कलम' नावाचा फास तयार केला. करार संपला तरी खेळाडू त्याच क्लबचा. मालक विकील तिकडे जायचे, नाहीतर खेळ सोडून घरी बसायचे. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातूनही सूट दिली. हा फास जवळजवळ शंभर वर्षे टिकला.

१९६९ साली सेंट लुईस क्लबने कर्ट फ्लड या काळ्या खेळाडूला, बारा वर्षांच्या सेवेनंतर, न विचारता फिलाडेल्फियाच्या क्लबला देऊन टाकले. त्याचा पगार तेव्हा ९० हजार डॉलर होता. त्याने जायला नकार दिला. आपल्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हायला आपण काही जिन्नस नाही, असे त्याने कमिशनरला लेखी कळविले आणि कोर्टाची पायरी चढली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती.

पण एकट्याने हरलेली लढाई संघटनेने पुढे नेली. पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये मुरलेला मार्विन मिलर १९६६ साली खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख म्हणून निवडून आला होता. १९६८ च्या पहिल्या सामुदायिक कराराने किमान वेतन ६ हजारांवरून १० हजार डॉलर झाले. १९७० साली तक्रारींसाठी तटस्थ लवाद मिळाला. वरवर पाहता हे किरकोळ कलम होते, पण त्यानेच मालकांचा किल्ला फोडला. अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅक्नॅली हे दोघे १९७५ चा मोसम नव्या करारावर सही न करता काढून मोकळे झाले. एक वर्षाची मुदतवाढ म्हणजे एकच वर्ष, जन्मभराची नव्हे, असा निवाडा लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी दिला. मालकांनी साइट्झना तत्काळ काढून टाकले, पण निवाडा कोर्टातही टिकला.

आता आकडे पाहा. १९६७ साली सरासरी पगार सुमारे १९ हजार डॉलर होता. १९७६ साली तो ५१ हजारांवर गेला आणि १९८२ साली सुमारे २ लाख ४१ हजारांवर. पंधरा वर्षांत चेंडू टोलविण्याची कला बारापट वाढली काय? महागाई वजा केली तरी हिशेब लागत नाही. कला तीच होती. वाढला तो 'नाही' म्हणण्याचा हक्क, आणि तो संघटनेने मिळविला.

मालक गप्प बसले नाहीत. १९८५ पासून सलग तीन हिवाळे त्यांनी आपसांत संगनमत करून दुसऱ्याच्या खेळाडूवर बोली लावायचीच नाही, असे ठरविले. आंद्रे डॉसन या नावाजलेल्या खेळाडूने शेवटी शिकागोच्या क्लबपुढे सही केलेला कोरा करार ठेवला. क्लबने त्यात मूळ पगार ५ लाख डॉलर लिहिला, म्हणजे त्याच्या आधीच्या पगाराच्या निम्म्याहून कमी. त्याच १९८७ च्या मोसमात तो आपल्या लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला! लवादाने संगनमत सिद्ध धरले आणि १९९० साली मालकांना २८ कोटी डॉलरची भरपाई कबूल करावी लागली. 'बाजारभाव' म्हणतात तो हा. खेळाडूचा गुण तोच राहिला, मालकांनी हात आखडताच भाव निम्मा झाला.

एका दिवसाची चोरी

खेळाडूला सहा वर्षांची सेवा भरल्याशिवाय खुल्या बाजारात जाता येत नाही. वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. २०१५ साली शिकागो कब्ज क्लबने क्रिस ब्रायंट या तरुणाला, सराव सामन्यांत तो षटकारांमागून षटकार मारीत असताना, मोसमाच्या आरंभी खालच्या स्पर्धेत धाडले. थोड्याच दिवसांनी परत बोलावले. वर्षअखेरीस त्याचे दिवस भरले १७१. फक्त एक दिवस कमी! त्या वर्षी तो सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला, पण त्याची मोकळीक एक वर्ष लांबली. त्याने तक्रार केली, ती २०२० साली फेटाळली गेली. आणि शेगडीभोवतीचे शहाणे काय म्हणाले? 'क्लबची चाल हुशारीची आहे.'

रेल्वेतील जुन्या सहकाऱ्यांना ही चाल समजावून सांगायला नको. ओपन लाइनवरच्या कॅज्युअल लेबरला सलग १२० दिवस भरले की टेंपररी स्टेटस मिळत असे. म्हणून दिवस भरत आले की नाव कापायचे आणि पुढे पुन्हा नवा म्हणून घ्यायचे, ही कृत्रिम खंडाची युक्ती एका अख्ख्या पिढीने भोगली. १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात प्रकल्पांवरील कॅज्युअल कामगारांचा आणि १९८७ साली डाक-तार खात्यातील रोजंदारी कामगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. गँगमनचा फावडा आणि ब्रायंटची बॅट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण हजेरीपटावरची लबाडी सख्खी बहीण आहे.

बेसबॉलच्या खेळाडूंनी ही लबाडी काही अंशी मोडली, तीही कराराच्या मेजावर. २ डिसेंबर २०२१ पासून मालकांनी ९९ दिवसांची टाळेबंदी केली. तिच्या शेवटी झालेल्या करारात किमान वेतन ५ लाख ७० हजार ५०० वरून ७ लाख डॉलर झाले, तरुणांसाठी वर्षाला ५ कोटी डॉलरचा बोनस निधी आला आणि नव्या खेळाडूंच्या मतदानात पहिल्या दोनांत येणाऱ्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळू लागली. वर ज्याचा उल्लेख केला त्या स्कीन्सला २०२४ साली मे महिन्यात वर बोलाविले, तरी या कलमामुळे त्याचे वर्ष पूर्ण धरले गेले.

'पण ते तर कोट्यधीश!'

हा आक्षेप येणारच. पोटासाठी राबणाऱ्याने कोट्यधीशांसाठी का रडावे?

रडू नका, हिशेब करा. या धंद्याची वर्षाची उलाढाल १००० कोटी डॉलरहून अधिक आहे. तो पैसा खेळाडूला मिळाला नाही तर तिकीट स्वस्त होत नाही, आणि स्टेडियम झाडणाऱ्याचा पगारही वाढत नाही. तो मालकाकडे राहतो. खेळाडूचा पगार डॉलर-डॉलरपर्यंत छापून येतो. मालकाचा नफा? अटलांटाचा क्लब शेअरबाजारात आहे म्हणून त्याचे आकडे बाहेर येतात. बहुतेक मालक आपली वही उघडत नाहीत. एकाच बाजूची वही पाहून केलेल्या बेरजेला हिशेब म्हणायचे काय?

२०२२ साली हुआन सोटो याने वॉशिंग्टन क्लबचा १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलरचा देकार नाकारला, तेव्हा त्याला हावरट म्हणणारे थोडे नव्हते. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्स क्लबने त्याला तेवढ्याच वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख देऊ केले. मधले ३२ कोटी ५० लाख हावेचे होते, की हक्काचे?

आणि निष्ठेविषयी बोलायचे, तर ऑकलंडच्या प्रेक्षकांना विचारा. २००३ सालच्या 'मनीबॉल' या पुस्तकाने त्यांचा क्लब काटकसरीचा आदर्श म्हणून जगभर गाजविला. त्या प्रेक्षकांनी मालकाचा प्रत्येक स्वस्त सौदा आपलाच विजय मानला. सप्टेंबर २०२४ मध्ये मालक क्लब उचलून चालता झाला. 'क्लब विका' असे छापलेले सदरे घालून प्रेक्षक ओरडत राहिले. हिशेबनिसांना नोटीससुद्धा मिळाली नाही!

संघटनेनेही कान टोचून घ्यावेत

खेळाडूंच्या संघटनेला मात्र आम्ही सरसकट निर्दोष सोडणार नाही. ती लढाऊ आहे यात शंका नाही. १२ ऑगस्ट १९९४ पासून २३२ दिवस संप करून तिने मालकांची वेतन-मर्यादा उधळून लावली. १९९५ साली मालकांनी 'रिप्लेसमेंट' खेळाडू आणून मोसम सुरू करण्याचा घाट घातला. न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी ३१ मार्च रोजी दिलेल्या मनाई हुकमाने तो बारगळला. हिशेबातला तो 'बदली माणूस' संपाच्या वेळी कोण होतो, हे तिथे सर्वांनी पाहिले. त्या सराव सामन्यांत उतरलेल्यांना संघटनेने पुढेही सभासद करून घेतले नाही.

पण हीच संघटना खालच्या स्पर्धांतील हजारो पोरांकडे अनेक दशके पाठ फिरवून बसली होती. वरच्यांची चैन चालू असताना, २०१८ साली अमेरिकेच्या संसदेने खालच्यांना किमान वेतनाच्या कायद्यातून जवळजवळ वगळले. सर्वांत खालच्या पायरीवरील खेळाडूला वर्षाला ४ हजार ८०० डॉलर मिळत. २०२२ साली अखेर त्यांना संघटनेत घेतले. २०२३ च्या पहिल्याच कराराने ती रक्कम १९ हजार ८०० झाली. म्हणजे चौपट! मग इतकी वर्षे का थांबलात?

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या शेजारी ठेकेदाराचा सफाई कामगार आहे, ग्रामीण डाक सेवक आहे. खात्याच्या पटावर नाही म्हणून आपल्या मोर्चातही नाही, असे म्हणून चालणार नाही. उद्या आपल्याला काढायचे झाले, तर मालकाच्या हिशेबातला स्वस्त 'बदली माणूस' तोच असेल. आज तो आपला सभासद असला पाहिजे.

आणखी एक. शेगडीभोवतीची ती भाषा आपल्या कँटीनमध्येही शिरली आहे. 'त्या डेपोत माणसे जास्तच आहेत.' 'आता पत्रे येतात कुठे, पोस्टमन हवेत कशाला?' 'पन्नाशी उलटलेल्यांना घरी बसवा.' ही वाक्ये बोलणारा अधिकारी असेल, तर तो निदान त्याचे काम करतो. आपल्यापैकी कोणी बोलत असेल, तर तो मालकाचे काम फुकट करतो.

हिशेब जरूर करावा. पण सहकाऱ्याची किंमत मोजण्यापूर्वी समोरच्याची वही मागावी. तो वही दाखवीत नाही तोवर आपणही आपल्या माणसाची बोली लावू नये.